पणजोबा सरकारी दप्तरात कसे शोधावेत

पूर्वज शोधायला निघालेले बहुतेक लोक आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच भरकटतात. आडनावावरून कूळ, कुळावरून एखादा सरदार, सरदारावरून थेट पानिपत. पणजोबा मात्र कुठेच नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावच्या दप्तरात साध्या शेतकऱ्याचं आडनाव बरेचदा लिहिलेलंच नसतं. 'राणू बिन तुका', म्हणजे तुकाचा मुलगा राणू, एवढ्यावर कुलकर्ण्याचं काम भागायचं, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखत. त्यामुळे आडनावांचा इतिहास सांगणारी पानं आणि वंशावळीची अ‍ॅप्स सध्या बाजूला ठेवा. जमिनीचा कागद धरा आणि एकेक पिढी मागे जा.

खालचं सगळं जुन्या मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी आहे: पुणे, सातारा, नाशिक, नगर, खानदेश, कोकण. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. तिथलं बरंचसं जुनं दप्तर उर्दूत आहे आणि वाटही वेगळी आहे.

आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष वडील-आजोबांची नावं सांगून थांबतात. आत्याला मात्र चुलत सासरे, त्यांच्या जावा, कोण दत्तक गेलं, कोण मुंबईला गिरणीत गेलं, सगळं पाठ असतं. शेताला घरात काय म्हणायचे हेही विचारून घ्या, कारण सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाचा रकाना असतो.

सातबारा काढा. मालकाच्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदींचे, नंबर दिसतील. ते फेरफार मिळवा, त्यातून त्याआधीचे मिळवा. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत. तुमच्या गावाचे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज द्या. 'रेकॉर्ड मिळत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा रेकॉर्ड सापडतं.

१९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर बहुतेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजचा गट नंबर घेऊन १९२५ चा फेरफार शोधू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गटवारीचा उतारा घ्या, जुना सर्व्हे नंबर कळेल. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, म्हणून त्याआधीचा फेरफार शोधण्यात वेळ घालवू नका.

फेरफार वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. वारस नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. माणूस दहा-बारा वर्षांपूर्वी वारलेला असतो आणि नोंद कर्जाची किंवा वाटणीची गरज पडल्यावर झालेली असते. आणि एकाच मुलाचं नाव दिसलं म्हणून तो एकुलता होता असं समजू नका. नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असेल तर धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांमागे आहेत. मुलींची नावं तर तेव्हा सर्रास गाळलेली असत.

आता अवघड भाग. मी सर्वांत जास्त अडकलो तो इथे. गावाचं जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते समोर येतं आणि मोडीत असतं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तरी लिपी ही खरी अडचण नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, महिनाभर रोज बसलात तर अक्षरं लागू लागतात. आधी नावं वाचू नका. प्रत्येक पानावर तेच ते येणारे शब्द वाचा: महिने, गावाचं नाव, जाती, 'ताप', 'पटकी', 'हगवण'. गावचा एकच कुलकर्णी वर्षानुवर्षं लिहीत असे. त्याचा 'ताप' नीट ओळखता आला की त्याचा 'तुका'ही येतो.

मोडी वाचून देणारा वाचक लावणार असाल तर माझी एकच अट: त्याला पणजोबांचं नाव आधी सांगू नका. कुणबी दाखल्यांसाठी या वह्यांवर झुंबड उडाल्यापासून 'हे बघा, तुमचं नाव दिसतंय' म्हणणारे वाचक वाढलेत. नाव सांगितलं की पुसट रेघांतही तेच दिसतं. पूर्ण पानाचं लिप्यंतर लिहून घ्या, मग नाव शोधा.

खरी अडचण आहे ती माणूस ओळखण्याची. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणजे राणू बिन तुका, त्याचा तुका बिन राणू, आणि पुन्हा राणू बिन तुका. त्यातून भावकीतल्या चारही घरांत तीच नावं. पहिला राणू दिसला की उडी मारणारे लोक आजोबा आणि नातू एक करून टाकतात आणि दोन पिढ्या बेपत्ता होतात. वयावर विसंबू नका: ते अंदाजाने चाळीस, पन्नास, साठ असं लिहिलेलं असतं. जन्मनोंदीत बाळाचं नाव शोधू नका, बारशाआधीच नोंद झालेली असल्यामुळे बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच मिळतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. गावातला त्या नावाचा प्रत्येक माणूस एका तक्त्यात मांडा: बापाचं नाव, जात, वाडी, सर्व्हे नंबर, भाऊ, बायको, पहिली नोंद, शेवटची नोंद. मग एकेक खोडत जा. बाप, सर्व्हे नंबर आणि भाऊ किंवा बायको, या तीन खुणा जुळल्याशिवाय मी कुणालाही पणजोबा म्हणत नाही. दोन जुळल्या तर पेन्सिलने लिहितो. बायकांच्या नोंदी तर सोडूच नका: 'सखू कोम राणू' म्हणजे राणूची बायको. एकाच नावाच्या दोन राणूंना वेगळं करायला त्यांच्या बायकाच उपयोगी पडतात.

मृत्यूच्या नोंदी सलग चाळा, फक्त आपली शोधू नका. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने ऑक्टोबरच्या आसपास कितीतरी गावांत पानंच्या पानं भरली, कारणाच्या रकान्यात ओळीने 'ताप'. पणजोबांची दुसरी बायको कुठून आली, आजोबा मामाकडे का वाढले, याचं उत्तर कधीकधी त्याच पानांत असतं.

पडताळणीसाठी नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. तुमच्या गावाचा उपाध्याय कोण ते तिथे विचारलं की कळतं. त्यांच्या बाडात, म्हणजे नोंदवहीत, यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः बाप, आजा, भाऊ, मुलं आणि बरेचदा घरातल्या बायकाही लिहवलेल्या असतात. सरकारी कागदापेक्षा मी या नोंदीला जास्त किंमत देतो. दक्षिणा आधी ठरवा.

शाळेचा दाखल-खारीज उतारा सोपा. फक्त जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींची आहे असं धरून चाला.

जमीनच नव्हती, असं अनेकांचं असतं. मग दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, म्हणून नाव पाहा. बलुतेदारांसाठी आणि महार वतनासाठी वतनाचे कागद पाहा. १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यानंतर जमिनी पुन्हा देताना नोंदी झाल्या आहेत. तेही नसेल तर कोतवाल बुक आणि शाळा एवढंच उरतं. तक्ता तोच, फक्त सर्व्हे नंबरच्या जागी वाडी किंवा वस्तीचं नाव घाला आणि चौथी खूण मागा.