सोलापुरात फळमाशीच्या घड्याळाचा प्रयोग लावताना

केळ्यांवर घोंघावणारी चिलटं म्हणजेच ड्रोसोफिला ही फळमाशी. तिच्या शरीरात दिवस-रात्रीची लय राखणारं एक घड्याळ असतं; माशी सतत अंधारात ठेवून तिच्या हालचालीवरून ते मोजायचं, हाच हा प्रयोग. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर या शास्त्रज्ञांनी तिचे तीन उत्परिवर्ती वाण दाखवले: एकाचं घड्याळ १९ तासांचं, दुसऱ्याचं २८ तासांचं, तिसऱ्याला ताळच नाही. तिन्ही दोष 'पिरियड' या एकाच जनुकातले. साध्या वाणाबरोबर यातला १९ तासांचा आणि बेताल, असे निदान दोन वाण तरी मागवा. त्यांचं काम शेवटी कळेल.

वाण हिवाळ्यातच आणून घ्या. मार्चनंतर कुरिअरच्या गाडीत बाटल्या भाजून निघतात. ३० अंशांच्या पुढे तापलेले नर जिवंत दिसले, तरी काही काळ वांझ राहू शकतात; मग "पिल्लं का होत नाहीत" म्हणून खाद्याला दोष दिला जातो. वाण बेंगळुरूहून येणार असेल आणि कुणी उद्यान एक्सप्रेसने सोलापूरला येत असेल, तर एसी डब्यातून हातानं आणलेली बाटली सगळ्यात सुखरूप.

एक लिटर खाद्याला आगर ८ ग्रॅम, मक्याचं पीठ ८० ग्रॅम, गूळ ६० ग्रॅम, यीस्ट १५ ग्रॅम. शिजवून ६० अंशांच्या आसपास निवल्यावर ४ मिलि प्रोपिऑनिक आम्ल आणि थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन घाला. उकळत्यात आम्ल घातलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि चार दिवसांत बुरशी धरते. गूळ एकाच ढेपेतला वापरा. ढेप बदलली की माशांची वाढही बदलते. २५ अंशांना साधारण १० दिवसांत नवी पिढी निघते.

हालचाल मोजायला ६५ मिमी लांब, ५ मिमी व्यासाच्या काचनळ्या लागतात. नळीत एकेक माशी असते; तिनं मधला इन्फ्रारेड किरण ओलांडला की यंत्र नोंद करतं. यातलं खाद्य वेगळं असतं: ५ टक्के साखर, २ टक्के आगर. नळ्यांची जुडी पातळ खाद्यात उभी करा, सेंटिमीटरभर चढून थिजू द्या, बाहेरून पुसा आणि ते टोक वितळलेल्या मेणात बुडवा. मेणात फट राहिली तर सोलापूरच्या कोरड्या हवेत आठवड्याच्या आत खाद्य आक्रसतं आणि माशी तहानेनं मरते. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटात, पाण्याचा ट्रे हवाच. ३ ते ५ दिवसांचे नरच घ्या. मादी नळीत अंडी घालते, अळ्या खाद्य उकरतात आणि इन्फ्रारेड किरणासमोरून फिरून आकडे बिघडवतात. नळीत घालताना बेशुद्ध केलेली माशी जागी होईपर्यंत नळी आडवी ठेवा, नाहीतर ती खाद्याला चिकटते. दुसऱ्या टोकाला कापसाचा सैल बोळा.

आता खरी डोकेदुखी: इन्क्युबेटर. नुसता तापवणारा इथे निरुपयोगी. थंडही करणारा, 'बीओडी' नावानं मिळणारा इन्क्युबेटरच लागतो. 'माशीच्या घड्याळाची लांबी तापमानानं फारशी बदलत नाही' हे पुस्तकात वाचून बरेच जण तापमानाकडे काणाडोळा करतात. लांबी बदलत नाही हे खरं. पण तापमान रोज ठरावीक वेळी वर-खाली होत असेल, तर माशी त्याच्याशी आपली वेळ जुळवून घेते. त्याला ३ अंशांचा फरकही पुरतो. एप्रिल-मेमध्ये खोली दुपारी ४० च्या घरात, त्यात दुपारीच लाइट जाते, कॉम्प्रेसर दमतो, पहाटे सगळं निवतं. म्हणजे अंधारातल्या माशीला सोलापूरचं ऊन वेळ सांगतंय.

म्हणून पश्चिमेच्या भिंतीलगत इन्क्युबेटर नको, मागे हातभर जागा सोडा, रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा आणि नळ्यांच्या शेजारीच तापमान सतत नोंदवणारा डेटा लॉगर लावा. दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. दिव्याचा टायमर बॅटरीवाला डिजिटलच घ्या; चाकाचा टायमर लाइट गेली की तेवढा मागे पडतो, आणि तुमची 'सकाळ' गुपचूप सरकते. दिवा आणि मोजणीचा संगणक यूपीएसवर ठेवा.

आधी ४ दिवस १२ तास उजेड, १२ तास अंधार. मग दिवा ठरलेल्या वेळी मालवला की पुन्हा लावायचाच नाही, ७ ते १० दिवस. या काळात दार उघडावंच लागलं तर मंद लाल उजेडात. माशीच्या घड्याळाला उजेडाची खबर देणारं क्रिप्टोक्रोम हे प्रथिन निळा प्रकाश टिपतं, लालाला दाद देत नाही. मोबाइलचा टॉर्च मात्र घात करतो: माशीच्या रात्रीच्या पूर्वार्धात पडला तर घड्याळ मागे, उत्तरार्धात पडला तर पुढे.

मिनिटामिनिटाची नोंद अर्ध्या तासाच्या गटात बांधा आणि काय-वर्ग पिरियडोग्राम, म्हणजे लय किती तासांची ते दाखवणारा आलेख, काढा. त्यासाठीचं ॲक्टोग्रामजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अंधाराचा पहिला दिवस वगळा. ज्या नळीत नोंद एकदम शून्यावर येऊन तिथेच राहते, ती माशी मेली, ती बाद.

आता राखणदार वाण, म्हणजे सुरुवातीला मागवलेले ते दोन, बघा. संपूर्ण अंधारात १९ तासांच्या वाणानं १९ च्या जवळपास आकडा दाखवला आणि बेताल वाण बेतालच राहिला, तर प्रयोग शुद्ध. बेताल वाणात २४ तासांची लय दिसली, तर आनंदून जाऊ नका: दाराच्या रबरातून उजेड येतोय किंवा तापमान हलतंय. सगळ्या साध्या माशा नेमक्या २४.० वर, एकाच ठेक्यात आल्या तरी हाच संशय घ्या, आणि लॉगरचा आलेख दुपारच्या तासांवर तपासा.