पायाच्या धमनीत गुठळी झाल्यावर रक्ततपासणीत या चुका टाळा

परिधीय धमनीविकार (पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा आजार) असलेल्या रुग्णाचा पाय एकाएकी गार व फिका पडला, किंवा पायातील बायपास (रक्तासाठी शस्त्रक्रियेने केलेला पर्यायी मार्ग) काही आठवड्यांतच बुजला, की रक्तातच दोष असावा अशी शंका घरच्यांना येते आणि गुठळ्यांच्या विकारांच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी करून घेण्याचा आग्रह सुरू होतो. पाय बधिर होऊन हलेनासा झाला असेल, तर तेव्हा रक्तपुरवठा सुरू करणे हेच तातडीचे काम असते. शिवाय त्या दिवशी घेतलेला नमुना बऱ्याचदा दिशाभूल करतो.

ताज्या गुठळीत प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही रक्त गोठण्याला लगाम घालणारी प्रथिने खर्ची पडतात. हेपॅरिन या गोठण रोखणाऱ्या इंजेक्शनमुळे अँटिथ्रॉम्बिन आणखी उतरते, तर वॉरफेरिन ही गोठण रोखणारी गोळी प्रोटीन सी आणि एस या दोन्हींची पातळी खाली आणते. त्यामुळे मुळात निर्दोष असलेल्या माणसाच्या अहवालातही ‘कमतरता’ दिसते. असा अहवाल पाहून जन्मजात दोषाचा शिक्का बसला, की तो फाईलमध्ये वर्षानुवर्षे राहतो आणि धाकट्या भावंडांच्याही तपासण्या सुरू होतात. म्हणून ही तपासणी तीव्र अवस्था ओसरल्यावरच करावी. मात्र तपासणीसाठी म्हणून रुग्णाने स्वतःहून औषध बंद करणे ही त्याहून मोठी चूक ठरेल.

फॅक्टर पाच लायडन या जन्मजात जनुकीय दोषाचा संबंध प्रामुख्याने शिरांमधील गुठळ्यांशी आहे, धमन्यांशी तो क्षीण आहे; तरीही अनेकदा पहिली मागणी त्याच्याच तपासणीची होते. मला विचाराल तर आधी साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नीट वाचावा. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) किंवा प्लेटलेट सतत वाढलेल्या असतील, तर अस्थिमज्जेच्या विकाराचा विचार करून जेएके२ या जनुकाची तपासणी करणे अधिक सयुक्तिक ठरते. कमी वयात, धूम्रपान किंवा मधुमेह नसताना धमनी बुजली असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होण्याचा विकार) शोधायलाच हवा. त्यात एकदा आलेला सकारात्मक अहवाल पुरेसा नसतो. किमान १२ आठवड्यांनी तो पुन्हा तसाच यावा लागतो. रिव्हारोक्साबॅनसारखी गोठणरोधक औषधे चालू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंट (याच सिंड्रोमसाठीची एक तपासणी) खोटे सकारात्मक येऊ शकते, हे मागणीपत्रावर औषध न लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. हा विकार सिद्ध झाल्यास, आणि गुठळी धमनीत असल्यास, वॉरफेरिनच पसंत केले जाते. धमनीविकारात ॲस्पिरिनसोबत दिवसातून दोनदा २.५ मिलिग्रॅम रिव्हारोक्साबॅन दिले जाते, पण तो डोस या सिंड्रोमवरचा उपचार नव्हे.

नमुन्याकडेही पाहा. निळ्या टोपणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट (नळीतील रक्त गोठू न देणारे द्रव्य) हे प्रमाण ठरलेले असते. खुणेपेक्षा कमी रक्त भरले की सायट्रेट जास्त होते आणि पीटी व एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या) विनाकारण लांबतात. होमोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या तपासणीचा नमुना बर्फाविना टेबलावर पडून राहिला, तर पेशींमधून ते बाहेर झिरपत राहते आणि आकडा फुगतो.

हेपॅरिन सुरू झाल्यानंतर ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या आणि त्याच वेळी नवी गुठळी झाली, तर हेपॅरिनचा डोस वाढवणे घातक ठरते. ही हेपॅरिनचीच प्रतिक्रिया असू शकते. संशय येताच सलाईनच्या नळ्या धुण्यासाठी वापरलेल्या हेपॅरिनसह सारे हेपॅरिन थांबवून दुसरे गोठणरोधक द्यावे लागते, आणि प्लेटलेट सावरेपर्यंत वॉरफेरिन सुरू करायचे नसते.

या सगळ्याच्या आधी तीन गोष्टी पडताळायच्या राहून जातात. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, कारण गुठळी हृदयातून वाहत आलेली असू शकते. रुग्ण अजून विडी-सिगारेट ओढतो का. आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळीच्या पाकिटात आजच्या तारखेला किती गोळ्या शिल्लक असायला हव्या होत्या आणि प्रत्यक्षात किती आहेत.