कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत गेलायसा? मग ह्या चुका टाळा

नवीन जीएस, म्हणजे परिषदेचा जनरल सेक्रेटरी, झाला की पहिलं काम काय, तर गेटवर स्वतःचा डिजिटल बोर्ड. गॉगल लावलेला, खाली तीस-चाळीस मित्रांची मुंडकी. अरे भावा, लिंगडोह समितीनं २००६ लाच कॉलेज निवडणुकीत छापील पोस्टर नको आणि एका उमेदवाराचा खर्च ५,००० च्या वर नको असं सांगितलंय, तुझं तेवढं तर मिसळीतच गेलं.

दुसरी चूक म्हणजे परिषद म्हणजे गॅदरिंग एवढंच डोक्यात असणं. विद्यापीठ कायद्यात विद्यार्थ्यांचं हित बघणं आधी लिहिलंय, कार्यक्रम मागनं. पण वाचतंय कोण.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, तोंडी तक्रार. ही आम्ही स्वतः केलीय म्हणून सांगतोय. आमच्या वेळी प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि राधानगरीकडच्या पोरींची एसटी सव्वापाचला. आम्ही चाळीसजण घोषणा देत प्राचार्यांच्या केबिनबाहेर, लई जोश, सर बाहेर आले, "बघतो" म्हणाले, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि कटिंग चहा मारायला गेलो. दिवाळी झाली तरी प्रॅक्टिकल साडेपाचलाच. शेवटी ऑफिसातले हेडक्लार्क चहा बशीत ओतत म्हणाले, "पोरांनो, कागद कुठाय?" कागदच नव्हता की वो! मग एक पान लिहिलं: बॅच कुठली, एसटी किती वाजता, किती मुली, आणि दुपारची बॅच सकाळच्या बॅचशी बदला एवढीच मागणी. त्यावर आवकचा, म्हणजे ऑफिसला अर्ज मिळाल्याचा शिक्का, नंबर, तारीख. पुढच्या आठवड्यात टाइमटेबल बदललं, घोषणा एक नाही.

तेव्हापासनं माझी सवय, अर्ज दोन प्रतीत, आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा आणि तिथंच उभं राहून मोबाईलमध्ये फोटो. हल्लीच्या पोरांना एवढाबी दम नसतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की काम झालं म्हणतात. ग्रुपला आवक नंबर नसतो.

मांडववाल्याचं कच्चं बिल घेऊ नका, ऑफिस पास करत नाही, मग पदरचे जातात.

रॅगिंग किंवा पोरींच्या त्रासाची तक्रार आली तर "आपसात मिटवू" अजिबात नाही. तो तुमचा अधिकार नाही. रॅगिंगसाठी अँटी रॅगिंग कमिटी आहे, पोरींच्या तक्रारीला अंतर्गत तक्रार समिती आहे, तिकडं न्या. कोण घाबरत असेल तर रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ लावून द्या, तिथं बसून.

आणि जाताना परिषदेच्या कागदांची फाईल ऑफिसात जमा करा, पुढच्या पोराच्या हातात देऊ नका. आमची मी पुढच्या जीएसला दिली, त्यानं घरी नेली, आता तो पुण्यात जॉबला आणि फाईल अजून गारगोटीतच.