नऊ माणसं, दोन पार्क

साताऱ्याहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं आणि थीम पार्क, वॉटर पार्क दोन्ही एकाच दिवसात उरकायचे असं घरात ठरलं, की बॅगा काढायच्या आधी एक कागद घ्या आणि माणसांची यादी करा. मागच्या मे महिन्यात आम्ही नऊ जण गेलो होतो, आज्जींपासून पाच वर्षांच्या भाच्यापर्यंत. "सगळे एकत्रच राहू या" असं आज्जी गाडीत म्हणाल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिथेच अर्धा दिवस गेला. एकाला तहान लागली की नऊ जण थांबायचे. एक बाथरूमला गेला की आठ जण बाहेर ताटकळत. वॉटर पार्कच्या दारात पोचलो तेव्हा बंद व्हायला पाऊण तास उरला होता.

म्हणून आता आमच्याकडे तुकड्या पाडतात, त्याही आदल्या रात्री. पोरांना चपला काढून दाराच्या चौकटीला उभं करायचं आणि टेपने उंची मोजायची. मोठ्या राइडजवळ उंचीची पट्टी असते आणि तिथे "आमचा अजिबात घाबरत नाही हो" हे चालत नाही. खुर्चीचा दांडा खांद्याला आणि मांडीला नीट बसला तरच माणूस जागेवर राहतो, ठेंगणं पोर त्यातून निसटू शकतं. तिथे रांगेच्या तोंडाशी रडारड होण्यापेक्षा घरी चौकटीजवळ झालेली बरी. ज्यांची उंची भरते ते पहिल्या तुकडीत. रक्तदाब, पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास असलेले आणि गरोदर बाई असेल तर ती, दुसऱ्या तुकडीत, लहानग्यांसोबत. प्रत्येक तुकडीत एक पूर्ण चार्ज केलेला फोन, थोडी रोकड आणि "आता बास" म्हणणारा एक माणूस हवा. आमच्यात ते काम आत्याकडे आहे. भेटायची जागा "गेटपाशी" अशी ठरवू नका, दोन्ही पार्कांची गेटं वेगळी आहेत. आम्ही त्याच घोळात वीस मिनिटं एकमेकांना फोन करत होतो.

क्रमाचं म्हणाल तर दार उघडताच थीम पार्कात शिरायचं आणि रांगा वाढायच्या आत नायट्रो या रोलर कोस्टरसारखी मोठी राइड आटपायची. भर दुपारी वॉटर पार्क. ते लवकर बंद होतं, त्यामुळे ते शेवटी ठेवायचं नाही. संध्याकाळी पुन्हा थीम पार्क. मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का आणि घेतलेलं तिकीट त्याच दिवशी दोन्हीकडे चालतं का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. तिथे बर्फाचंही एक पार्क आहे. पोरं हट्ट करतील, तरी या दिवशी नको. ओल्या केसांनी शून्याखालच्या खोलीत कशाला जायचं?

आता कपडे. वॉटर पार्कात नायलॉनचा पोहण्याचा पोशाखच लागतो. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं, त्याचे धागे गाळणीत जातात. आमच्या वहिनींना ते पटेना. "मी काठावर बसेन" म्हणाल्या आणि त्याच सगळ्यात उशिरा बाहेर आल्या. पोशाख साताऱ्यातच पोवई नाक्यावर आधीच घेऊन ठेवा, घालून बघा, एकदा धुवा. नायट्रोला पायाखाली फळी नसते, पाय हवेत लोंबतात, तेव्हा मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूटच घाला. मंगळसूत्र, झुबे, चेन घरी कपाटात. चष्म्याला दोरी. पोरांच्या मनगटावर फोन नंबर लिहिणार असाल तर न पुसणाऱ्या मार्करने लिहा. आम्ही बॉलपेनने लिहिला होता, तो पहिल्याच लाटेत गेला.

खाण्याबाबत आपली सवय मोडावी लागते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच, पार्कात शिरायच्या आधी संपवायची. परतीसाठी वेगळा डबा, तोही सुका, कारण मे महिन्यात बंद गाडीत दहीभात टिकत नाही. पाणी मात्र दिवसभर पीत राहायचं. आपण साताऱ्याच्या कोरड्या हवेतली माणसं, आणि बोरघाट उतरलं की कोकणचा दमटपणा सुरू होतो. घाम सुकत नाही आणि थकवा कळेपर्यंत उशीर होतो. इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं पर्समध्ये हवीत. ज्यांना घाटात मळमळतं त्यांना हलणाऱ्या खुर्च्यांच्या पडद्यावरच्या राइडही सोसत नाहीत. डोळ्यांना एक दिसतं, कानातला तोल दुसरंच सांगतो. त्यांची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा.

रांगेत पोरांना सांगायला एखादी गोष्टही बांधून न्या. आम्ही राजासॉरसची नेली. त्या नावाची एक पाण्यातली राइड आहे, पण तो डायनासोर खरोखरच होऊन गेला. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. भाच्याने तेवढ्यात अकरा प्रश्न विचारले आणि रांग सरली.

गाडीचं गणित सोपं आहे. जवळजवळ दोनशे किलोमीटर, म्हणजे साडेतीन-चार तास, तेव्हा पहाटे साडेपाचला आनेवाडीचा टोलनाका मागे पडलेला असावा. फास्टॅगमध्ये दोन्ही वेळचे पैसे भरून ठेवा. मागच्या सीटवर जुनी चादर, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशव्या आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड. रात्री बोरघाट आणि मग खंबाटकी ज्याला पार करायची आहे, त्याने दुपारी राइड सोडून तासभर झोपायचं. आमचे काका आधी ऐकेनात, शेवटी आत्याने त्यांना झाडाखाली बसवलं.

एक गोष्ट आम्ही यादीत लिहिलीच नव्हती. पार्काचा हा रस्ता खोपोलीहून पालीकडे जातो. आज्जी पालीबद्दल सकाळपासून गप्प होत्या आणि सहा वाजता म्हणाल्या, "इतक्या जवळ आलोय, बल्लाळेश्वराला न जाता कसं परतायचं?" आता आम्ही मोठ्या माणसांना विचारूनच निघतो. पाली हवी असेल तर मुक्काम धरायचा, नाहीतर खोपोलीजवळच्या महडच्या वरदविनायकावर समजूत काढायची. यंदा आज्जींनी मुक्काम निवडलाय, त्यामुळे यादीत नऊ चादरी वाढल्यात.