रेनेसाँची एनग्रेव्हिंग्ज बघताना या चुका टाळा

व्हॉट्सॲपवर कुणीतरी फोटो पाठवतं, खाली लिहिलेलं असतं "राफाएलचं एनग्रेव्हिंग, व्हीनस आणि तिच्या मैत्रिणी". एका ओळीत दोन चुका. एनग्रेव्हिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर चित्र कोरून, त्यात शाई भरून कागदावर काढलेला छाप. रेनेसाँमधली (युरोपातलं साधारण पंधरावं-सोळावं शतक) ग्रीक-रोमन पुराणकथांवरची ही चित्रं आवडणारे लोक वाढतायत हे छानच आहे, पण त्याच त्याच चुका सांगून आता कंटाळा आलाय.

राफाएलपासूनच सुरू करतो. राफाएल हा इटालियन चित्रकार, त्याने स्वतः तांब्याच्या प्लेटवर ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, चालवलंच नाही. तो ड्रॉइंग द्यायचा, कोरायचा मार्कान्तोनियो रायमोंदी. वर म्हटलेला फोटो बहुतेक वेळा या दोघांच्याच 'जजमेंट ऑफ पॅरिस'चा असतो (पॅरिस हा ट्रॉयचा राजपुत्र, तीन देवींपैकी सगळ्यात सुंदर कोण ते तो ठरवतो), साधारण 1510 ते 1520 मधला, आणि त्यात खाली कोरलेलंच आहे की कल्पना उर्बिनोच्या राफाएलची, आणि पुढे एम-ए-एफ म्हणजे केलं मार्कान्तोनियोने. वाचायचं कुणी? नावापुढे 'इन्व्हेनित' असेल तर त्याची कल्पना, 'स्कुल्प्सित' असेल तर त्याने कोरलं, 'एक्सकुदित' असेल तर तो प्रकाशक, ज्याने कदाचित जुनी प्लेट विकत घेऊन पुन्हा छापली. रोममधला अंतोनियो सालामांका हेच करायचा. त्यामुळे सालामांकाचं नाव दिसलं म्हणून चित्रकार सापडला असं समजून नाचू नका. आणि नुसत्या मोनोग्रामवर, म्हणजे नावाच्या आद्याक्षरांच्या सहीवर, तर अजिबात जाऊ नका, ड्युरर या जर्मन कलावंताच्या, येशूची आई मेरी हिच्यावरच्या वुडकट्सची (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची) याच रायमोंदीने तांब्यावर नक्कल केली होती ती ए-डी मोनोग्रामसकट.

आता मैत्रिणी. कपडे नसलेली बाई दिसली की ती प्रेमाची देवी व्हीनस, हा शॉर्टकट कुणी शिकवला माहीत नाही. चित्रात त्या तिघी देवी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत, सगळ्यात सुंदर कोण यावर भांडण चाललंय, मैत्री कुठली! चेहरे बघू नका, वस्तू बघा. मोर जिच्याजवळ ती जुनो. पाठमोरी, हातात कपडा, जवळ हेल्मेट आणि ढाल, ती मिनर्व्हा. व्हीनस ती, जिला पॅरिस सफरचंद देतोय, सोबत क्युपिड आहे आणि वरून पंखवाली विजयदेवी व्हिक्टरी तिला मुकुट घालतेय. विठोबा ओळखायला आपण चेहरा बघतो का, कमरेवरचे हात बघतो ना, तसंच हे. उजव्या कोपऱ्यात बसलेले तिघे म्हणजे दोन नदीदेव आणि एक जलदेवी. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने 1863 च्या त्या प्रसिद्ध जेवणाच्या चित्रात याच तिघांची पोझ उचलली, म्हणून काही हुशार मंडळी इथेही पिकनिक शोधतात. मी तर कुठलंही ॲप उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसत्या वस्तू मोजत बसतो, बाकीच्यांना तेवढा धीर नसतो.

दुसरी लाडकी चूक खरेदीची. एका ओळखीच्या गृहस्थांनी ऑनलाइन "रायमोंदी ओरिजिनल" घेतला, फ्रेमसकट, आणि मला फोटो पाठवून विचारलं की अभिनंदन करणार का नाही. मी म्हटलं फ्रेममधून काढा. तर म्हणे फ्रेम महाग आहे, काच फुटेल, फोटोवरूनच सांगा ना. मग दोन आठवडे फक्त फोटो, वरून, तिरके, लाइट लावून. शेवटी काढलं एकदाचं. कागद खिडकीसमोर धरला तर सगळा एकसारखा, जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या ज्या उभ्या-आडव्या रेषा दिसतात त्यांचा पत्ता नाही. असा गुळगुळीत वोव्ह कागद युरोपात आला अठराव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे रायमोंदी जाऊन दोनशे वर्षं होऊन गेल्यावर. भिंगातून बघितलं तर रेषेच्या जागी ठिपके, सरळ सरळ फोटोवरून केलेली छपाई. कडेला चहासारखा पिवळा रंग मात्र अगदी प्रेमाने लावलेला. तरी त्यांचं चालूच, "पण प्लेटचा ठसा आहे की!" अहो प्लेटच्या कडेने कागदावर उमटणारा तो ठसा नंतरही दाबता येतो. उलट रेषा असलेला कागद दिसला म्हणूनही लगेच खूश होऊ नका, तसा कागद आजही बनतो. मी आधी कागद, मग भिंग, मग म्युझियमच्या वेबसाइटवरची प्रत शेजारी ठेवून रेषेला रेष, आणि किमतीचं बोलणं सगळ्यात शेवटी. घाई असेल तर पोस्टर घ्या, स्वस्त पडतं.

बाकीच्या चुका पटापट.

ड्रॉइंग आणि प्रिंट उलटसुलट दिसले की "नक्कल आहे" म्हणून ओरडू नका, प्लेटवरचं छापताना उलटंच होतं. ड्युररच्या सूर्यदेव अपोलोच्या ड्रॉइंगमध्ये (ब्रिटिश म्युझियममध्ये आहे) सूर्याच्या चकतीत नावच उलट्या अक्षरांत लिहिलंय, प्रिंटमध्ये सुलट यावं म्हणून.

इटालियन चित्रकार मांतेन्याचं 'समुद्रदेवांची लढाई' हे एनग्रेव्हिंग दोन प्लेट्सचं आहे, दोन्ही छाप शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. अर्धीच बघून रचना असंतुलित वाटते म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

एचिंगला (यात प्लेटवरची रेष ॲसिडने खाऊन उमटवतात) एनग्रेव्हिंग म्हणू नका. ब्युरिनची रेष बारीक सुरू होऊन मध्ये फुगते आणि टोकाला निमुळती होते, ॲसिडने खाल्लेल्या रेषेचं टोक बोथट असतं.

साईज वाचा! झेबाल्ड बेहाम या जर्मन कलावंताचे हर्क्युलीसचे पराक्रम (1542 ते 1548) स्क्रीनवर भिंतीएवढे वाटतात, प्रत्यक्षात तळहातावर मावतात.

आणि प्रिंटवरची तारीख म्हणजे कोरल्याची तारीख असं धरून चालू नका. गोल्त्सियुस या डच कलावंताचा पाठमोरा फार्नेझे हर्क्युलीस (त्या नावाच्या प्राचीन पुतळ्याचं चित्र) त्याने रोमहून परतल्यावर 1592 च्या सुमारास कोरला, पण त्यावर 1617 आहे, कारण तो त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पाठमोराच का, असंही सारखं विचारतात. हेस्पेरिडीज म्हणजे बागेतल्या अप्सरा, त्यांची सफरचंदं हर्क्युलीसने पाठीमागच्या हातात धरलीयत, समोरून कशी दिसणार?