छोट्या एअरलाईनचं तिकीट काढताय? आधी विमानं मोजा

नांदेड, जळगाव, कोल्हापूर असल्या गावांतून विमान पकडणाऱ्यांसाठी लिहितोय. मुंबई-दिल्लीवाल्यांनी नाही वाचलं तरी चालेल, त्यांची एक फ्लाइट गेली की तासाभरात दुसरी असते, आपली गेली की थेट देवगिरी एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट.

तर सगळ्यात आधी कंपनीकडे चालू विमानं किती आहेत ते बघा. जाहिरात आणि उद्घाटनाचे फोटो सोडा. ट्रूजेटकडे तर तेलुगू सिनेमातला राम चरणसारखा हिरो होता, हैदराबादची कंपनी, जुलै 2015 मध्ये सुरू झाली, एटीआर 72 विमानं म्हणजे पंख्याची, मागच्या दाराने चढायचं न् सामान पुढे. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेचा, म्हणजे छोट्या गावांना स्वस्तात विमानाने जोडायच्या सरकारी योजनेचा, नारळ फुटला तेव्हा पंतप्रधानांनी ज्या पहिल्या फ्लाइट्सना झेंडा दाखवला त्यात आमची नांदेड-हैदराबाद होती, काय कौतुक होतं गावात! मग मुंबई झालं, 2019 ला कोल्हापूर न् जळगाव पण जोडलं. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये कंपनीची उड्डाणंच थांबली. पगार थकल्याच्या बातम्या त्याच्या आधीपासून येत होत्या पण आपण बघत होतो तिकिटाचा भाव. नांदेडला नियमित विमान परत यायला 2024 उजाडलं.

मोजायचं कसं तर फ्लाइटरडार24 उघडा, फ्लाइट नंबर टाका, मागच्या 7 दिवसांची हिस्ट्री फुकटात दिसते. त्यात प्रत्येक दिवसापुढे विमानाचा नंबर असतो, व्हीटी पासून सुरू होणारा. आता त्याच नंबरवर क्लिक करा, ते विमान दिवसभर कुठे कुठे फिरतंय बघा. एकच विमान सकाळपासून चार गावं करत असेल तर पहिल्या गावात टायर बसला तरी संध्याकाळची तुमची फ्लाइट गेली समजा. आणि आठवड्यात दोन-तीन दिवस कॅन्सल दिसत असेल तर पुढचं वाचू पण नका, रेल्वेचं काढा.

दुसरं म्हणजे रूट कधी सुरू झाला ती तारीख शोधा, लोकल पेपरच्या बातमीत सापडते. उडानमध्ये सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला साधारण 2500 रुपये असा कमाल भाव ठरला होता, तो पण सगळ्या सीटना नाही, साधारण निम्म्या, आणि त्यातला तोटा भरून काढायला सरकार कंपनीला 3 वर्षं पैसे देतं. 3 वर्षं झाली की ते बंद. म्हणजे विमान खरं प्रवाशांवर चालतंय की अनुदानावर ते चौथ्या वर्षी कळतं, म्हणून तिसरं वर्ष संपत आलेल्या रूटवर चार महिन्यांनंतरच्या लग्नाची तिकिटं काढू नका एवढं साधं आहे.

कधीकधी 3 वर्षं पण लागत नाहीत. उडानच्या पहिल्या फेरीत 128 रूट वाटले, त्यातले 84 दोनच कंपन्यांना, एअर डेक्कन आणि एअर ओडिशा. हे एअर डेक्कन म्हणजे कॅप्टन गोपीनाथ यांचंच दुसरं, पहिलं 2003 चं किंगफिशरमध्ये विरघळलं होतं. डिसेंबर 2017 ला मुंबई-जळगाव सुरू, नाशिक पण. विमान बीचक्राफ्ट 1900डी, दोन्ही बाजूला एकेकच सीट, म्हणजे सगळ्यांनाच खिडकी! पण इतके रूट न् हाताच्या बोटावर मोजण्याइतकी विमानं, त्यात मुंबईत उतरायला स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, मिळेना. एप्रिल 2020 ला लॉकडाऊनमध्ये तेही थांबलं.

आता पैसे. शक्यतो एअरलाईनच्याच साइटवरून आणि क्रेडिट कार्डने भरा. माझी एक फ्लाइट रद्द झाली तेव्हा एका पोर्टलने रिफंड गपचूप त्यांच्या वॉलेटमध्ये टाकला, तो बँकेत आणायला मला दोन महिने भांडावं लागलं. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, क्रेडिट शेल (पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवणं) घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, आणि क्रेडिट कार्डने भरले असतील तर 7 दिवसांत परत. एजंटकडून काढलं तरी जबाबदारी एअरलाईनचीच. नाही ऐकलं तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. फ्लाइट रद्द झाल्याच्या भरपाईवर मात्र फार जीव लावू नका, तासाभराच्या फ्लाइटला 5000 किंवा मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी ते, आणि आपलं तिकीटच स्वस्तातलं!

हे सगळं कंपनी जिवंत असेपर्यंत. दिवाळखोरीत गेली की खेळच वेगळा. गो फर्स्ट काही छोटी नव्हती, 2 मे 2023 ला अर्ज केला न् दुसऱ्या दिवशी विमानं जमिनीवर. एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, अर्ज दाखल करून घेतला की वसुलीला स्थगिती लागते, मग कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही, तिथे कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे मुदतीत दावा भरायचा, आणि रांगेत बँका पुढे, आपण पार शेवटी. म्हणून बंद पडल्याची बातमी आली त्याच दिवशी कार्डवाल्या बँकेला चार्जबॅकचा, म्हणजे कार्डवरचे पैसे परत फिरवायचा, मेल टाका, सेवा मिळाली नाही असं स्पष्ट लिहून, यालाही मुदत असते.

आणि तिकिटाचा पीडीएफ, पैसे कापल्याचा मेसेज, रद्द झाल्याचा मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट, हे बुकिंग केल्या केल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कंपनी बुडाली की थोड्या दिवसांनी वेबसाइट पण उघडत नाही, मग पीएनआर कुठून काढणार?