सनस्क्रीनवर फाउंडेशनच्या वळ्या सुटत होत्या

सनस्क्रीनवर फाउंडेशन फिरवलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या सुटायच्या. कारण घाई. खालचा थर ओला असताना वरून चोळलं की तो गुंडाळून निघतो. सिलिकॉनवाल्या सनस्क्रीनवर पाण्याच्या बेसचं फाउंडेशन असेल तर जास्तच.

आता मॉइश्चरायझर वाटाण्याएवढंच. पाच मिनिटांनी दोन बोटं भरून सनस्क्रीन, चेहरा-मान मिळून (इथे काटकसर नको). मग 15 मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात चहा होतो. फाउंडेशन घट्ट पिळलेल्या ओल्या स्पंजने थोपटायचं, घासायचं नाही.

पुण्याच्या कोरड्या थंडीत नाकाच्या कडेला साल सुटते; तिथे आदल्या रात्री व्हॅसलिन. टू-व्हीलरवर स्कार्फ बांधणार असाल तर गालांवर फाउंडेशन नकोच, सगळं स्कार्फलाच लागतं.